घर मागायचे की शौचालय? आधी जमीन कोणाची आणि पैसा कोणत्या शीर्षाचा ते पाहा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागावा म्हणून तो थोडक्यात मांडतो. नाशिकमध्ये नासर्डी नदीच्या काठाला तुमची दीडशेच्या आसपास घरांची वस्ती आहे आणि बहुतेक कुटुंबे पंचवीस-तीस वर्षांपासून तिथेच राहतात. सार्वजनिक शौचालयाची निम्मी दारे मोडली आहेत, पाणी सकाळी तासभर येते. मध्यंतरी कोणीतरी घरोघर सर्वेक्षण करून गेले आणि "तुम्हाला पक्की घरकुले मिळणार, पण शहराच्या टोकाला जावे लागेल" अशी चर्चा सुरू झाली. आता वस्तीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, फक्त घराचीच मागणी लावून धरा, नळ-शौचालय मागितले तर इथेच राहायला तयार आहात असे समजतील. दुसरा म्हणतो, घर मिळेल तेव्हा मिळेल, आज बायकांनी जायचे कुठे? बचत गट तुम्ही चालवता, त्यामुळे दोन्ही बाजू तुमच्याकडे येतात. आणि तुम्ही विचारले आहे की दर वर्षी झोपडपट्टीसाठी कोट्यवधींच्या बातम्या येतात, तो पैसा जातो कुठे आणि आम्ही नेमके काय मागावे?

वस्त्यांमधल्या मंडळांबरोबर कागदपत्रांचे आणि पुनर्वसनाचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, हा वाद करायची गरजच नाही. घराचा पैसा आणि शौचालयाचा पैसा वेगवेगळ्या खिशांतून येतो. एक मागितल्याने दुसऱ्यावरचा हक्क जात नाही. शौचालय दुरुस्त करून घेतले म्हणून कोणाला घरकुलाच्या यादीतून वगळता येत नाही. हे पहिल्या तटातल्या मंडळींना शांतपणे समजावून सांगा, कारण ही भीती मी जवळजवळ प्रत्येक वस्तीत ऐकली आहे आणि तिच्यामुळे लोक वर्षानुवर्षे गैरसोयीत राहतात.

घर मिळेल का, कुठे मिळेल आणि किती पैसे भरावे लागतील, हे मात्र तुमच्या गरजेवर ठरत नाही. ते ठरते पायाखालच्या जमिनीवर. म्हणून काय मागायचे याआधी जमीन कोणाची हे पाहायचे.

जमिनीचा सर्व्हे किंवा गट क्रमांक शोधा आणि सातबारा काढा. शहराच्या जुन्या भागात असाल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे? महापालिका, महाराष्ट्र शासन, जलसंपदा, रेल्वे की खासगी माणूस? सातबाऱ्यावर "इतर हक्क" असा रकाना असतो, तो लोक वाचतच नाहीत. कुळाची नोंद, संपादनाची नोंद, न्यायालयाचा मनाई हुकूम, सगळे तिथेच दिसते. नाशिकमध्ये बऱ्याच वस्त्या खासगी जमिनीवर आहेत. तिथे मालकाची संमती किंवा भूसंपादन यांशिवाय कोणतीही घरयोजना पुढे सरकत नाही, हे लोकांना दहा वर्षांनी कळते.

मग महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या शहर विकास आराखड्यात तुमच्या जागेवर आरक्षण आहे का, रस्ता आहे का, ते त्यावर कळेल. तुमची वस्ती नदीकाठी असल्याने पूररेषाही पाहा. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे निवासी बांधकाम मंजूर होत नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोत्याची उंची वगैरे अटींवर होऊ शकते. याचा अर्थ असा की तुमची निम्मी वस्ती निळ्या रेषेच्या आत असेल, तर त्या निम्म्या घरांना "जागेवरच पक्के घर" ही मागणी कोणीही मान्य करू शकणार नाही, मग मोर्चा कितीही मोठा असो. त्यांच्यासाठी जवळचे पुनर्वसन हीच खरी मागणी. उरलेल्या निम्म्यांचा मार्ग वेगळा असू शकतो. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर नाशिककरांना आठवतात. नदीकाठचा धोका खोटा नाही, आणि वस्तीच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाने तो लपवता कामा नये असे माझे ठाम मत आहे.

तिसरा कागद म्हणजे वस्ती घोषित आहे की अघोषित याचा. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली राजपत्रात घोषित झालेल्या वस्तीला सुधारणेच्या कामांसाठी भक्कम आधार मिळतो. शिवाय १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहणाऱ्यांना या कायद्याने संरक्षण आहे, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांचाही पुनर्वसनासाठी सशुल्क विचार करण्याची तरतूद पुढे झाली. म्हणून जुनी मतदार यादी, वीजबिल, शाळेचा दाखला, फोटोपास (झोपडीधारकाचे ओळखपत्र), जे काही त्या तारखांच्या आधीचे असेल ते घरोघर शोधून त्याच्या प्रती एका फाइलमध्ये लावा. पुरात कागद वाहून गेले असतील तर मतदार नोंदणी कार्यालयात जुन्या याद्यांच्या प्रती मागता येतात. एक सावधगिरी मात्र ठेवा. महापालिकेला भरलेल्या कराची किंवा सेवाशुल्काची पावती हा राहण्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे. "पावती आहे म्हणजे जागा आपली" असे सांगून घरामागे पैसे गोळा करणारी माणसे वस्तीत फिरतात, त्यांना थारा देऊ नका.

आता घराच्या धोरणाकडे येऊ. इथे मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण गेल्या वीस वर्षांत धोरणाची दिशाच बदलली आणि तो बदल तळागाळात कोणी समजावून सांगितला नाही.

डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले. नाशिक त्यातल्या निवडक शहरांपैकी एक होते. त्यात शहरी गरिबांच्या घरांसाठी वेगळा भाग होता. आपल्या आकाराच्या शहरात निम्मा पैसा केंद्राचा, उरलेला राज्य, महापालिका आणि लाभार्थी मिळून. लाभार्थ्याचा वाटा साधारण बारा टक्के, मागासवर्गीय आणि अपंगांसाठी दहा. बांधायचे महापालिकेने. चुंचाळे आणि वडाळा इथली घरकुले त्यातूनच उभी राहिली. त्या काळी जमीन शोधणे, इमारत बांधणे, वाटप करणे ही जबाबदारी सरकारी यंत्रणेची होती.

जून २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली आणि भर बदलला. तिच्यात चार मार्ग होते, पण नाशिकसारख्या शहरात सामान्य माणसाच्या वाट्याला प्रामुख्याने दोन आले. पहिला, स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधा आणि केंद्राचे दीड लाख व राज्याचा एक लाख असे अडीच लाख टप्प्याटप्प्याने घ्या. जोते झाले, छत झाले, फोटो काढून संगणकावर चढवला, की हप्ता. दुसरा, भागीदारीतल्या प्रकल्पात सदनिका घ्या, तिथेही तेवढीच सवलत, बाकीची रक्कम तुम्ही भरा. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही रचना साधारण हीच आहे, भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा मार्ग त्यात जोडला गेला.

या आकड्यांकडे वस्तीच्या नजरेने पाहा. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख. घर तीस चौरस मीटर चटईक्षेत्राचे (भिंतींच्या आतली वापराची जागा), म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास. आज साधे बांधकाम करायचे म्हटले तरी एवढ्या घराला पाच-सहा लाख लागतात. अडीच लाख वजा केले की उरलेले तीन लाख कुटुंबाने उभे करायचे. आणि हे सगळे जागा तुमच्या नावावर असेल तर. नसेल तर पहिला मार्ग बंद. दुसऱ्या मार्गासाठी बँकेचे कर्ज लागते, आणि भाजीची गाडी लावणाऱ्याला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला पगाराची स्लिप कुठून येणार? जिला घराची सगळ्यात जास्त गरज, तीच दोन्ही दारांबाहेर उभी राहते. माझ्या मते आजच्या घरधोरणातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. अनुदानाची रक्कम वाढवून ती भरून निघणार नाही. जमिनीचा हक्क दिला तरच भरून निघेल.

नाशिककरांना याचा पुरावा दूर शोधायला नको. नवीन नाशिकमध्ये सिडकोने कामगारांसाठी वसाहती वसवल्या तेव्हा बरीच घरे अगदी लहान होती. पण रस्ता, पाणी, गटार आणि जागेचा पक्का कागद सुरुवातीपासून होता. लोकांनी पुढे पैसा जमेल तशी खोली काढली, मजला चढवला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या साध्या कामगाराने बांधून काढलेला तो भाग आज शहरातला मोठा रहिवासी भाग आहे. हातात कागद असला की गरीब माणूस स्वतः घर बांधतो, हे मी त्या गल्ल्यांमध्ये पाहिले आहे.

म्हणून तुमची जमीन शासनाची किंवा महापालिकेची निघाली आणि पूररेषेच्या बाहेर असली, तर पहिली मागणी "अतिक्रमण नियमानुकूल करा, पट्टे (जागेच्या हक्काचे कागद) द्या" अशी असावी. १ जानेवारी २०११ पूर्वीच्या निवासी अतिक्रमणांबाबत शासनाने असे निर्णय घेतलेले आहेत. आरक्षण, रस्ता वगैरे आड येत नाही ना, हे पाहून जिल्हाधिकारी किंवा महापालिका पातळीवर प्रकरण चालते. पट्टा मिळाला की अडीच लाखांचा मार्ग खुला होतो. शिवाय अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास आहे, आदिवासी कुटुंबांना शबरी आहे. वस्तीतल्या घरांची जातप्रवर्गानुसार यादी आताच करून ठेवा. एकाच गल्लीतली तीन घरे तीन योजनांत बसतात असे मी पाहिले आहे, आणि यादी नसल्यामुळे तिघेही राहून जातात असेही.

जमीन खासगी किंवा निळ्या रेषेच्या आत निघाली, तर स्थलांतराच्या चर्चेला तोंड द्यावेच लागेल. मी त्याच्या सरसकट विरोधात नाही. प्रश्न अंतराचा आणि कामाचा आहे. चुंचाळ्याचे घरकुल अंबड औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला सोयीचे. पंचवटीच्या बाजारात पहाटे माल घेणाऱ्या बाईसाठी ते शहराचे दुसरे टोक आहे.

एका शहरातल्या घरकुल इमारतीत मी एका कुटुंबाकडे नेहमी जात असे. नवरा हातगाडीवर केळी विकायचा, बायको धुण्याभांड्याला जायची. तिसऱ्या मजल्यावर घर मिळाले. घर चांगले होते, आत नळ, आत संडास, पोरीला दार लावून अभ्यास करता येई. पण हातगाडी ठेवायला जागाच नव्हती. जिन्याखाली साखळीने बांधून ठेवायचे, तर शेजारी भांडत. पहाटे बाजाराला जायला बस नव्हती, रिक्षाचे भाडे दिवसाच्या नफ्यातून जायचे. बायकोची चारांपैकी तीन कामे सुटली. त्यात इमारतीच्या पंपाचे वीजबिल सगळ्यांनी मिळून भरायचे, ते थकले, पंप बंद पडला, आणि तिसऱ्या मजल्यावर पुन्हा हंडे चढू लागले. पुढे त्यांनी ते घर भाड्याने दिले आणि स्वतः जुन्या वस्तीजवळ पत्र्याच्या खोलीत राहायला आले. अशा कुटुंबाला "घरकुल विकून खाल्ले" म्हणणारे बरेच भेटतात. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. त्या घरात राहून त्यांचे पोट भरत नव्हते.

म्हणून स्थलांतराला होकार देण्याआधी लेखी विचारा: जागा कोणती, इमारतीत लिफ्ट आहे का, हातगाड्या आणि रिक्षा लावायला जागा किती, देखभालीचा खर्च पहिली काही वर्षे कोण करणार, शाळा आणि दवाखाना किती लांब, वाटपपत्र बाईच्या नावाने किंवा संयुक्त नावाने मिळणार का. शेजार तुटू देऊ नका, शक्यतो पूर्ण गल्ली एका इमारतीत मागा. आणि घर ताब्यात मिळेपर्यंत जुने घर पाडायला संमती देऊ नका. पर्यायी निवारा लेखी ठरला असेल तर गोष्ट वेगळी.

एक गोष्ट ओझरती सांगतो. दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात वीस टक्के घरे किंवा भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम २०१३ पासून आहे. म्हाडाच्या सोडतीत ती घरे येतात. नाशिकमध्ये या नियमाच्या अंमलबजावणीवरून मोठा वाद झाला, भूखंडाचे तुकडे पाडून क्षेत्र मर्यादेखाली ठेवल्याचे आरोप झाले. वस्तीतल्या नोकरदार मुलांनी सोडतीवर जरूर लक्ष ठेवावे. पण वस्तीचा प्रश्न त्याने सुटेल अशी आशा धरू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पैसा जातो कुठे.

महापालिकेच्या तिजोरीत येणारा बराच पैसा बांधलेला असतो. पूर्वी जकात होती, ती शहराची स्वतःची कमाई होती. २०१३ मध्ये नाशकात तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१७ मध्ये जीएसटी. तेव्हापासून राज्याकडून दरमहा भरपाई येते आणि कायद्याने ती दर वर्षी आठ टक्क्यांनी वाढते. शहर त्याहून वेगाने वाढले तरी भरपाईची वाढ तेवढीच. पगार, निवृत्तिवेतन, पाणीउपसा, दिवाबत्ती, घंटागाडी यांतच त्यातला मोठा भाग जातो. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदानही नाशिकसारख्या दशलक्षी शहरांना मोकळे मिळालेले नाही. त्यातला एक तृतीयांश हवेच्या गुणवत्तेसाठी आणि उरलेला पाणी, स्वच्छता, घनकचरा यांसाठी बांधलेला. ही अडचण खरी आहे. अधिकारी "निधी नाही" म्हणतात तेव्हा ते दर वेळी टाळतच असतात असे नाही.

पण वंचित वस्त्यांसाठी राखून ठेवायचा पैसाही आहे. उत्पन्नातले पाच टक्के मागासवर्गीय कल्याणासाठी, पाच टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे असे शासनाचे आदेश आहेत. जिल्हा नियोजनातून नागरी दलित वस्ती सुधारणेचा पैसा महापालिकेकडे येतो. तो खर्च होतो का, हे पाहण्याची सोपी रीत सांगतो. अंदाजपत्रकाचे पुस्तक संकेतस्थळावर मिळते, नाही मिळाले तर माहिती अधिकारात मागा. झोपडपट्टी सुधारणेचे लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाची पुस्तकातली स्वतंत्र नोंद, काढा आणि त्या ओळीवर पट्टी ठेवून आडवे वाचा. मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद, असे रकाने दिसतील. वर्तमानपत्रात येते ती शेवटच्या रकान्यातली तरतूद. तुम्ही पाहायचा तो पहिला रकाना, प्रत्यक्ष खर्च. मूळ अंदाज मोठा आणि सुधारित अंदाज त्याच्या निम्म्यावर दिसला, तर पैसा मध्येच दुसरीकडे वळला. पट्टी न सरकवता लेखा विभागाला विचारायचे: या शीर्षात मागील वर्षांचे दायित्व किती? दायित्व म्हणजे आधीच मंजूर किंवा सुरू झालेल्या कामांची देणी. नवी तरतूद पुष्कळदा त्यातच संपते आणि नव्या कामाला काहीच उरत नाही. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून प्रशासक आले आणि पुढे बराच काळ हे प्रश्न सभेत विचारायला नगरसेवकच नव्हते. त्या काळाची सगळ्यात जास्त झळ ज्यांची ओळख-पाळख नाही अशा वस्त्यांना बसली, असे माझे निरीक्षण आहे.

शौचालयाचे काम त्या मानाने लहान आहे. दारे, पाण्याची टाकी, दिवा, मैलावाहिनीला जोडणी, देखभालीचा माणूस. हे भांडवली बांधकाम नाही, महापालिकेच्या विभागीय कार्यालयाच्या पातळीवर दुरुस्तीच्या शीर्षातून होण्याजोगे आहे. नवे शौचालय हवे असेल तर मात्र जागेची मंजुरी लागते आणि अंदाजपत्रक तयार होण्याआधी, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, मागणी नोंदवलेली असावी. फेब्रुवारीत अर्ज दिला तर तो पुढच्या वर्षावर जातो. सिंहस्थाच्या कामांत तुमच्या बाजूने मलवाहिका जाणार असेल तर वस्तीची जोडणी त्याच कामात घ्या म्हणून आताच लिहा. रस्ता एकदा डांबरी झाला की परत खोदायला कोणी परवानगी देत नाही.

तर येत्या रविवारच्या बैठकीत दोन स्वतंत्र अर्ज लिहून सह्या घ्या. एका अर्जात सगळे घालू नका. तो पहिल्या टेबलावर थांबतो आणि "सदर विषय या विभागाशी संबंधित नाही" एवढेच उत्तर येते. पहिला अर्ज विभागीय अधिकाऱ्यांकडे: शौचालय दुरुस्ती आणि पाण्याची वेळ, मोडलेल्या प्रत्येक दाराच्या फोटोसह. दुसरा झोपडपट्टी विभागाकडे: सर्वेक्षण कोणत्या योजनेखाली झाले, यादीत कोणाची नावे आहेत, पुनर्वसनाची जागा कोणती. दोन्हींवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. दुसऱ्याचे उत्तर महिन्याभरात आले नाही तर त्याच मजकुराचा माहिती अधिकार अर्ज टाका, झोपडपट्टी विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे.

दरम्यान सातबारा आणि भाग नकाशा काढून ठेवा. गट क्रमांक इथे उघडपणे लिहू नका. जमीन कोणत्या प्रकारची आणि निळ्या रेषेच्या आत किती घरे, एवढे कळवा. त्यावरून पट्ट्यासाठी अर्ज करायचा की पुनर्वसनाच्या अटी ठरवायला बसायचे, हे सांगता येईल.